दुकानातील जुना संगणक आणि मोबाइलमधली उधारीची वही

कापडाचे दुकान असो, बेकरी असो, हार्डवेअरचा गाळा असो की पॉवरलूमचा कारखाना, एक दृश्य आज सर्रास दिसते. गल्ल्याशेजारच्या टेबलावर सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला संगणक धूळ खात पडलेला असतो आणि मालक मात्र मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर डोळे ताणून उधारीच्या नोंदी करीत बसलेले असतात. सारा हिशेब मोबाइलच्या ॲपमध्ये आणि संगणकाचा उपयोग कधीमधी एखादा कागद छापण्यापुरता. मग प्रश्न येतोच की, मोबाइलमधले हेच ॲप त्या मोठ्या पडद्यावर, कीबोर्ड-माऊससह चालविता येईल काय? आणि तेही नवा खर्च न करता?

येते. मात्र सगळेच ॲप चालत नाहीत, आणि काही चालविण्याचा खटाटोप मुळीच करू नये. आम्ही हा प्रयोग स्वतः करून पाहिला आहे. त्यात जे हाती लागले ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हा प्रश्न आताच का निघाला ते पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची साथ थांबविली. विंडोज ११ बसवावी तर तिला टीपीएम नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, त्याआधीचे नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण अधिकृतपणे नवी प्रणाली घेत नाही. अशा वेळी दुरुस्तीवाला हसत हसत सांगतो, "शेठ, काळजी कशाला? क्रॅक टाकून देतो, काही होत नाही."

होते काय ते आधी ऐका. क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेली प्रत. ती कोणी तोडली, तोडताना आत आणखी काय घुसविले, हे त्या दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक नसते. ज्या यंत्रावर गिऱ्हाइकांचे नंबर, जीएसटीचा पासवर्ड आणि येणे-देणे आहे, त्याचे दार अशा अनोळखी माणसाने बसविलेले असावे काय? दुसरी बाब हक्काची. १९८८ साली कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात व्यापारी नाव, लेखन, शोध यांवरील हक्क शरिअतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव झाला आहे. वजनात मासाभर मारू न देणारा आमचा व्यापारी चोरीच्या प्रणालीवर हिशेब लिहितो, ही विसंगती आम्हांला खटकते. दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. आमच्या टेबलावरही अनेक वर्षे तेच होते.

यावर सरळ तोड म्हणजे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. जगभरच्या लोकांनी ती वाढविली आणि तिचा परवानाच असा आहे की, कोणीही वापरावी, पाहावी, बदलावी, नक्कल करून दुसऱ्याला द्यावी. येथे नक्कल करणे ही चोरी नाही, परवानगीच आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्स मिंट ही तिचीच तयार रूपे. पेन-ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि बसवा. पैसे लागत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मोबाइलचे ॲप संगणकावर चालते तरी कसे?

पुष्कळांना माहीत नसते की, आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशीही लिनक्सच आहे. यंत्राशी थेट बोलणारा, मेमरी वाटून देणारा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो अँड्रॉइडमध्ये लिनक्सचा आहे. त्यावर गूगलने आपला मजला चढविला. म्हणजे मोबाइल आणि लिनक्सचा संगणक ही एकाच जोत्यावरची दोन घरे झाली. विंडोजवर मोबाइलचे ॲप चालवायचे तर आधी त्या घरात खोटे जोते घालावे लागते, त्यावर अख्खे घर बांधावे लागते आणि मग ॲपला आत बसवावे लागते. एम्युलेटर म्हणतात तो हाच प्रकार. जुने यंत्र त्या ओझ्यानेच धापा टाकते. लिनक्सवर जोते आधीचेच आहे. फक्त अँड्रॉइडचा वरचा मजला आणून एका बंद खोलीत ठेवायचा. या बंद खोलीला कंटेनर म्हणतात. खोलीतले ॲप समजतात की आपण मोबाइलमध्ये आहोत. बाहेरच्या फाइलींना ते सहसा हात लावू शकत नाहीत.

मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲप चालविण्याची सोय दिली होती. ५ मार्च २०२५ पासून ती बंद झाली. ज्यांनी तिच्यावर काम उभे केले त्यांना नवी वाट शोधावी लागली. लिनक्सवरही पहिला प्रयत्न कायमचा टिकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ साली आलेला ॲनबॉक्स हा प्रकल्प २०२३ मध्ये थांबविण्यात आला. पण त्याचा आराखडा खुला असल्याने दुसऱ्यांनी तोच विचार पुढे नेला. २०२१ पासून वेड्रॉइड नावाचा प्रकल्प हे काम करीत आहे आणि आज लिनक्सवर मोबाइलचे ॲप चालवायचे म्हटले की प्रथम त्याचेच नाव निघते. त्याच्या आत लिनिएजओएस ही अँड्रॉइडची खुली आवृत्ती असते.

वेड्रॉइड बसविण्यापूर्वी आपले यंत्र तपासून घ्यावे. कोअर टू ड्युओच्या काळातील संगणक असेल तर नाद सोडावा. अँड्रॉइडच्या ६४ बिटी आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाहीत. त्यानंतरचे कोअर आय-थ्री, आय-फाइव्ह सहसा चालून जातात. मेमरी ४ जीबी असेल तर रडतखडत, ८ जीबी असेल तर आरामात. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी बसविली तर यंत्राचा जीव परत येतो. या सगळ्या व्यवहारात खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा. ग्राफिक्स इंटेलचे किंवा एएमडीचे असावे. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर पडदा काळा राहणे, चित्र तुटणे हे भोग येतात. दुकानाच्या साध्या संगणकात बहुधा इंटेलचेच असते, तेव्हा साधेपणाचा येथे फायदाच आहे.

लिनक्सचे कोणते रूप घ्यावे? आमचा कौल उबुंटूला. कारण असे की, पडद्यावर खिडक्या दाखविण्याच्या लिनक्समध्ये दोन पद्धती आहेत: जुनी एक्स-इलेव्हन आणि नवी वेलँड. वेड्रॉइडला वेलँडच लागते. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्या वेलँडवरच सुरू होतात, आणि वेड्रॉइडला हवा असलेला बाइंडर नावाचा भागही त्यांच्या कर्नलमध्ये असतो. बाइंडर म्हणजे अँड्रॉइडमधला निरोप्या. एका ॲपचा निरोप दुसऱ्याला तोच पोचवितो, तो नसेल तर आतला कारभार ठप्प. दुरुस्तीवाले बरेचदा लिनक्स मिंट बसवून देतात. मिंट उत्तम आहे, नवख्याला सोपी आहे, पण ती अजून मुख्यतः एक्स-इलेव्हनवर चालते आणि तेथे वेड्रॉइडसाठी जादा कसरत करावी लागते. आम्ही स्वतः मिंटवर एक रविवार वाया घालविला तेव्हा हे कळले.

बसविण्याची कृती वेड्रॉइडच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेली आहे. टर्मिनल उघडून दोन-तीन आज्ञा तेथूनच जशाच्या तशा उतरवून चालवाव्यात. कोणा यूट्यूबवाल्याने दिलेल्या भलत्याच दुव्यावरून काही उतरवू नये, कारण त्या आज्ञा संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. पुढे मेनूतून वेड्रॉइड उघडले की एक खिडकी विचारते: व्हॅनिला हवे की गॅप्स? व्हॅनिला म्हणजे गूगलशिवायचे, गॅप्स म्हणजे प्ले स्टोअरसह. हिशेबाची नेहमीची ॲप प्ले स्टोअरवरूनच येतात, म्हणून दुकानासाठी गॅप्स निवडावे लागते. डाउनलोड मोठे आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणाऱ्याने आधी पॅक पाहून घ्यावा.

यानंतर नवखा माणूस ठेच खातो ती दोन ठिकाणी. एक, प्ले स्टोअर म्हणते की हे उपकरण प्रमाणित नाही. घाबरू नये. गूगलने याचसाठी एक नोंदणीचे पान ठेवले आहे. तेथे आपल्या खात्याने शिरून वेड्रॉइडचा ओळख-क्रमांक नोंदवावा, थोडा वेळ थांबावे आणि वेड्रॉइड बंद करून पुन्हा सुरू करावे. दोन, संगणकावर इंटरनेट आहे पण वेड्रॉइडच्या आत नाही. बहुतेक वेळा हा फायरवॉलचा अडसर असतो. वेड्रॉइडच्या जाळ्याला त्यातून वाट द्यावी लागते. तीही कृती अधिकृत मार्गदर्शनात आहे.

आता आमच्या प्रयोगाची हकिकत. मामूंचे लुंगी-चादरींचे दुकान आहे. वीसेक वर्षे लाल बासनातली वही होती, पुढे भाच्या-पुतण्यांच्या आग्रहाने मोबाइलचे ॲप आले. गेल्या पावसाळ्यात मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला. ॲपमधली बॅकअपची सोय कोणी चालूच केली नव्हती. दोन महिन्यांची उधारी गेली. मामू दारोदार फिरले. बहुतेकांनी खाली मान घालून आपापला आकडा सांगितला. पण तिघा-चौघांनी "मामू, आमचे तर रमजानआधीच फिटले" म्हणून हात वर केले. खोटे बोलत होते असेही आम्ही म्हणणार नाही. कदाचित त्यांनाही आठवत नसेल. लिहिलेले नव्हते, साक्षीदार नव्हता, एवढेच खरे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो! लिहिले होते, पण जपले नव्हते.

नवा मोबाइल आल्यावर मामू आम्हांला म्हणाले, "बेटा, आता मी कागदाच्या वहीवरच जातो."

"मामू, कागदाची वही जरूर ठेवा," आम्ही म्हणालो, "पण तुमचा संगणक नुसता पडला आहे. एक आठवडा आमच्या हवाली करा."

त्या संगणकावर उबुंटू बसविली, वेड्रॉइड घातले, त्यात उधारीचे तेच ॲप उतरविले. ॲपने मोबाइल नंबर विचारला; ओटीपी मामूंच्या मोबाइलवर आला, तो संगणकावर टाईप केला, आणि नव्या मोबाइलमध्ये झालेल्या सगळ्या नोंदी मोठ्या पडद्यावर उभ्या राहिल्या. मामू चष्मा न लावता आकडे वाचीत होते.

येथे एक गोष्ट फार नीट समजून घ्यावी. उधारीची ॲप दोन जातींची असतात. काही आपला हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. अशी ॲप मोबाइलवर आणि संगणकावर एकच वही दाखवितात. काही मात्र हिशेब त्या त्या यंत्रातच ठेवतात. अशी ॲप दोन्हीकडे उघडली तर एका दुकानाच्या दोन वह्या तयार होतात, आणि सकाळची नोंद एकीत, संध्याकाळची दुसरीत असा गोंधळ माजतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक फुटकळ नोंद मोबाइलवर करा आणि ती संगणकावर येते का ते पाहा. न आली तर असल वही कोणती ते ठरवून टाका आणि दुसरीकडे बोट लावू नका.

आणि सर्व्हरवर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. कंपन्या येतात, जातात. दर जुमेरातला दुकान वाढविताना ॲपमधून पीडीएफ वा एक्सेलमध्ये सगळी उधारी बाहेर काढावी आणि संगणकाच्या नेहमीच्या फोल्डरात व एका पेन-ड्राइव्हवर ठेवावी. ती एक्सेल फाइल लिनक्सवरच्या लिब्रे ऑफिसमध्ये फुकट उघडते. वेड्रॉइडचा सगळा माल एका लपलेल्या फोल्डरात असतो. कोणी तो न पाहता लिनक्स पुन्हा बसविली की आतले सर्व जाते, हे दुरुस्तीवाल्याला आधी सांगावे. या साप्ताहिक फाइलींचा आणखी एक उपयोग मामूंच्या लक्षात आला. जकातीचे वर्ष पुरे होते त्या तारखेला येणे किती, देणे किती, माल किती हे अंदाजाने सांगायचे दिवस गेले. त्या आठवड्याची फाइल उघडून आलिमसाहेबांपुढे ठेवली की ते अडीच टक्क्यांचा हिशेब बसून सांगतात.

काय चालत नाही तेही सांगतो. ब्लूटूथचा छोटा बिल-प्रिंटर वेड्रॉइडला दिसत नाही, कारण आत ब्लूटूथच नाही. त्यावर उपाय म्हणजे बिल पीडीएफ करून लिनक्सकडून छापणे. कॅमेऱ्याने बारकोड वाचणे भरवशाचे नाही. पण यूएसबीचा बारकोड स्कॅनर स्वतः कीबोर्डासारखा वागतो, तो चालतो. संगणकावर बसविलेला मराठी वा उर्दू कीबोर्ड आतल्या ॲपपर्यंत सहसा पोचत नाही, त्यामुळे अँड्रॉइडचा पडद्यावरचा कीबोर्ड माऊसने दाबावा लागतो. हे कंटाळवाणे आहे. मामूंनी गिऱ्हाइकांची नावे मोबाइलवरच मराठीत भरली आणि संगणकावर केवळ आकडे भरतात. काही ॲप मोबाइलच्या एआरएम प्रोसेसरसाठीच बांधलेली असतात, ती संगणकाच्या प्रोसेसरवर उघडत नाहीत किंवा दुभाष्या सॉफ्टवेअर घालावे लागते. जीएसटी आणि ई-वे बिलासाठी तर या खटाटोपाची गरजच नाही. ती पोर्टले लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये उघडतात.

आता पैशाची ॲप. येथे आमचे मत ठाम आहे. यूपीआय आणि बँकेची ॲप वेड्रॉइडमध्ये चालविण्याच्या फंदात पडू नका.

यूपीआय सुरू होताना ॲप तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठविते आणि नंबर, सिम व यंत्र यांची गाठ मारते. संगणकात सिमच नाही, मग गाठ कशी बसणार? शिवाय बँकांची बरीच ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीला विचारतात की, हे यंत्र खरे, न फोडलेले आहे काय? वेड्रॉइड त्या तपासणीत उत्तीर्ण होत नाही आणि ॲप दार लावून घेते. त्याबद्दल बँकेवर चिडण्यात अर्थ नाही. मोबाइल चोरणारा चोर तुमचे खाते आपल्या संगणकावर उघडू पाहील तेव्हा हेच दार त्यालाही बंद मिळते.

या तपासणीला फसविणाऱ्या युक्त्या इंटरनेटवर हव्या तेवढ्या मिळतात. अमुक फाइल टाका, तमुक ओळख चढवा, की यंत्र खरे वाटते. पण विचार करा, ती फाइल कोणी बनविली? ज्या खोलीत तुम्ही बँकेचा पिन टाकणार, त्या खोलीच्या भिंती एका अनोळखी माणसाने बदलून दिल्या आहेत. आम्ही क्रॅक नाकारला तो याचसाठी. मग लिनक्सवर येऊन तेच दुसऱ्या वेशात का आणावे? हिशेब संगणकावर, पैसा मोबाइलवर अशी सरळ वाटणी करावी. ब्राउझरमधून बँकेचे नेटबँकिंग उघडता येते, तो मार्ग वेगळा आणि बँकेने स्वतः दिलेला आहे.

ज्यांचे यंत्र वेड्रॉइडला पुरे पडत नाही, किंवा ज्यांचे ॲप त्यात उघडत नाही, त्यांच्यासाठी एक धाकटी वाट आहे. एससीआरसीपीवाय अशा विचित्र नावाचे एक मोफत व खुले साधन २०१८ पासून उपलब्ध आहे. मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा, मोबाइलच्या सेटिंगमधील डेव्हलपर पर्यायांत जाऊन यूएसबी डीबगिंग चालू करायचे, की मोबाइलचाच पडदा संगणकावर दिसतो आणि संगणकाच्या कीबोर्ड-माऊसने चालतो. ॲप मोबाइलमध्येच चालत असल्याने सिमचा, प्रोसेसरचा प्रश्न नाही आणि दोन वह्यांची भानगडही नाही. मिंट असो की अगदी जुना कोअर टू ड्युओ, तेथेही हे साधन बहुधा काम देते. बँकेच्या ॲपचा पडदा त्यात काळा दिसतो. तो ॲपने मुद्दाम झाकलेला असतो, बिघाड नव्हे. काम संपल्यावर डीबगिंग बंद करून टाकावे, आणि ते चालू असताना मोबाइल परक्या संगणकाला जोडू नये.

मामू आता दोन्ही वापरतात. सकाळी संगणकावर वसुलीची यादी पाहून ती छापून घेतात आणि मुलगा ती घेऊन फेरीला निघतो. लाल बासनातली वहीही त्यांनी पुन्हा सुरू केली आहे. मोठी उधारी असेल तर तीत गिऱ्हाइकाची सही घेतात. त्या तिघा-चौघांपैकी एकजण ईदच्या आदल्या दिवशी दुकानी आला आणि घरच्या डायरीत सापडलेला आकडा मोजून देऊन गेला.